गोड्या पाण्यातले चिनी खेकडे

दोन गोष्टी एकसारख्या दिसतात म्हणून त्या एकच आहेत, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस भेटला की माझं डोकं आजही फिरतं. परवा मंडईत एकानं चाकवत म्हणून चंदनबटवा माझ्या पिशवीत टाकला. मी पान उलटून त्याला दाखवलं, तर म्हणतो, "शिजल्यावर समदं एकच, मावशी." त्यावर मी भर बाजारात त्याच्याशी जे भांडले ते बघून बरोबर आलेली भाची लाजेनं चार पावलं मागं जाऊन उभी राहिली. वाटेत म्हणाली, "आत्या, एका जुडीसाठी एवढं?" तिला काय सांगणार? शिजल्यावर एकच, वाळल्यावर एकच, बरणीत घातल्यावर एकच, असल्या बोलण्यानं माझी ऐन उमेदीतली दोन वर्षं खाल्ली. त्या रागाचं मूळ भाजीत नाही, घाटापलीकडच्या समुद्रात आहे. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू आहेत, पण त्या या रागावर चालत नाहीत.

आमचं घर शाहूपुरीत, गुळाच्या पेठेला लागून. अप्पांची गुळाची अडत होती. सकाळी गाड्या लागायच्या, हमाल ढेपा उतरवायचे, आणि ढेप जमिनीला टेकताना येणारा तो जड, बसका आवाज ऐकतच मी लहानाची मोठी झाले. मग सौदे सुरू व्हायचे. ढेपांच्या रांगांमधून व्यापारी चालत, कुणी कोपरा फोडून बघे, कुणी अंगठ्यानं दाबे, कुणी जिभेवर कण ठेवून डोळे मिटे. माल फोडून बघितल्याशिवाय बोली लावायची नाही, हा पेठेचा रिवाज. अप्पा तर न बघता बोलणाऱ्या माणसाला दुकानात चहासुद्धा विचारत नसत. आमच्या घराला, कपड्यांना, माझ्या वह्यांनासुद्धा गुळाचा वास असायचा. गांधीलमाश्या घरात बिनधास्त फिरायच्या आणि आम्हाला त्यांचं काही वाटायचं नाही. समुद्र मात्र घरातल्या कुणीही पाहिलेला नव्हता.

आम्ही लिंगायत. अव्वा पहाटे आंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायची आणि पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घ्यायची नाही. तिच्या स्वयंपाकघरात अंड्याचा उल्लेखही चालत नसे. ज्वारीची पातळ भाकरी, शेंगांची चटणी, घट्ट दही, सणाला खपली गव्हाची खीर, एवढ्यात आमचं जग गोड चाललं होतं. मुंग्यांच्या वाटेवर अव्वा गुळाचा चुरा टाकायची. न्हाणीत गांडूळ आलं तर ते खराट्याच्या काडीवर उचलून परसात सोडून यायची. अशा घरातल्या मुलीनं प्राणिशास्त्र घेतलं, तेही एम. एस्सी.ला, तेव्हा नातेवाइकांनी अप्पांना बरंच ऐकवलं. अप्पांनी एकदाच मला विचारलं, "फाडायचं असतंय काय त्यात?" मी खरं सांगितलं की असतं. दुसऱ्या दिवशी ते फीचे पैसे टेबलावर ठेवून सौद्याला गेले. अव्वानं अट घातली ती एवढीच, की त्यातलं काहीही घरात यायचं नाही.

पहिल्या वर्षी विभागाची सहल रत्नागिरीकडं गेली. ओहोटीला खडकांवर उतरलो, आणि मी पहिलाच दगड उलटला तर त्याखालून चपटे, नाण्याएवढे खेकडे सैरावैरा पळाले. एकाला चिमटीत धरलं, तर त्यानं आपली नांगी माझ्या बोटात सोडून दिली आणि स्वतः फटीत गेला. मी त्या एवढ्याशा नांगीकडं बघत बसले. तिथल्या कोळणींनी हसून सांगितलं की ते खायच्या कामाचे नाहीत, म्हणून त्यांना वेगळं नावही नाही. पुस्तकात त्यांना चिनी मातीचे खेकडे म्हणतात, कारण हात लावला की तुटतात. मी आपलं चिनी खेकडे म्हणू लागले. पाण्यात निवांत बसले की ते तोंडापुढचे दोन केसाळ पंखे आळीपाळीनं उघडतात, मिटतात आणि पाण्यातला बारीक कचरा गाळून खातात. कुणाला मारत नाहीत, कुणाच्या वाटेला जात नाहीत. मला तर ते आमच्याच घरातले वाटले. प्रबंधिकेला विषय म्हणून मी तेच मागितले.

पुढच्या वर्षभरात माझी मैत्रीण सुनंदा आणि मी तिकडं पुष्कळदा गेलो. सुनंदा कबनूरची, घरात यंत्रमाग, त्यामुळं मोठ्यानं बोलायची सवय. आमच्याकडच्या बायकांसारखं "मी येतो की, मी बघतो की" असं ती समुद्रावरही बोलायची आणि कोकणी माणसं चमकून बघायची. तिचा विषय शंख, माझा खेकडे. दगड उलटता उलटता माझ्या लक्षात आलं की किनाऱ्याच्या वरच्या पट्ट्यातल्या, बराच वेळ उघड्या पडणाऱ्या दगडांखालचे खेकडे आणि खालच्या पट्ट्यातले, शेवाळातल्या दगडांखालचे खेकडे एक नाहीत. आकार तोच, पाठ तीच, नांगीच्या मनगटावरचे दातही सारखे. पण वरच्यानं तोंडापुढचे पंखे उघडले की त्यांच्या मुळाशी निळा रंग दिसायचा, शाईचं बोट लागल्यासारखा. खालच्याचं तिथं तांबूस. वरच्याची नांगी उघडली की सांध्यात आतल्या बाजूला केशरी ठिपका असे, खालच्याला तो नसे. नर बघितले, माद्या बघितल्या, लहान-मोठे बघितले. निळ्या तोंडाचा केशरी ठिपक्याशिवाय कधी सापडला नाही, आणि खालच्या दगडाखाली तर कधीच नाही. ज्या दिवशी माझी पुरती खात्री झाली त्या दिवशी मी खडकावर उभी राहून सुनंदाला हाका मारल्या. तिनं दोन्ही हातांत एकेक धरून उन्हात बघितले आणि म्हणाली, "व्हय की गं. ही येगळीच हाईत."

आमचे मार्गदर्शक सर चिनी खेकड्यांवरचे जाणकार समजले जात. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर त्यांचे विद्यार्थी म्हणतील की बाईंनी मेलेल्या माणसावर राग काढला, आणि ते काही खोटं नसेल. सरांनी आपल्या पीएच.डी.त या किनाऱ्यावर या खेकड्याची एकच जात असल्याचं लिहिलं होतं. त्यांचं सगळं काम बरण्यांवर झालेलं. कुणीतरी गोळा करून आणायचं, फॉर्मॅलिनच्या बरणीत ओतायचं, आणि सरांनी प्रयोगशाळेत बसून पुस्तकातल्या वर्णनाशी ताडून बघायचं. आता चिनी खेकडा जिवंतपणी फॉर्मॅलिनमध्ये पडला की पहिल्यांदा नांग्या टाकतो. मग पाय टाकतो. आणि काही दिवसांत रंगही जातो, सगळे सारखे फिकट, उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखे होतात. बरणीच्या तळाशी धडांचा एक ढीग आणि नांग्यांचा एक ढीग. त्यातून कुठली नांगी कुणाची हे सांगायला साक्षात ब्रह्मदेव आला तरी त्याला जमणार नाही. पण सरांना जमायचं.

मी जिवंत खेकडे बघून रंगीत पेन्सिलींनी काढलेली चित्रं त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती लांब धरून बघितली आणि विचारलं, "रांगोळी शिकतेस का?" खोलीतली मुलं हसली. मी म्हटलं, "सर, रंग जिवंतपणीच दिसतो. वरच्या पट्ट्यातल्या सगळ्यांना निळा आहे, खालच्या एकालाही नाही." सर म्हणाले, "जे बरणीत टिकत नाही ते लक्षण नव्हे." मी म्हटलं, "पण सर, खेकडा बरणीत राहत नाही." यावर हसायची कुणाची हिंमत झाली नाही. सरांनी चष्मा काढून पुसला. "हे बघ सुमंगला, एकाच जातीत थोडाफार फरक असतोच. तू प्रबंधिकेत एकच जात लिही, रंगाचा उल्लेख तळटीपेत कर. उगाच वर्ष घालवू नकोस. तुझ्या लग्नाचं बघत असतील ना घरी?" विभागाचा कॅमेरा मागितला, तर तो कपाटात आणि किल्ली सरांकडं. रोल संपलाय, असं ते दर वेळी सांगायचे. हे लिहितानासुद्धा माझे कान तापलेत. माझ्या लग्नाचा आणि खेकड्याच्या तोंडाच्या रंगाचा काय संबंध होता, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

घरी आले ती तणतणतच. अप्पा जेवत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता पहिलं वाक्य टाकलं ते असं, "अगं, खेकडा त्यो खेकडा. त्यात काय एवढं?" दोन शेजारच्या गुऱ्हाळांतल्या ढेपा वेगळ्या ओळखणारा हा माणूस, आणि तोसुद्धा हेच म्हणतो. मी ताटावरून उठले. अव्वानं खाली बसवलं. अप्पांनी हात धुताना विचारलं, "तुझ्या सरांनी ती जित्ती बघिटली हाईत काय?" मी म्हटलं, "न्हाय." "एकबी?" "एकबी न्हाय." अप्पांचा चेहरा उतरला. "माल बघिटला न्हाय आणि बोली लावून मोकळा झाला व्हय?" ते पुटपुटले. त्या दिवसापासून अप्पा माझ्या बाजूला आले. खेकड्यांसाठी नव्हे, पेठेच्या रिवाजासाठी आले, पण आले.

प्रबंधिकेआधी एक चर्चासत्र असायचं. त्याला बाहेरच्या विद्यापीठातून परीक्षक येत. या वेळी गोव्याकडच्या एक बाई येणार होत्या. मी ठरवलं की दोन्ही जातींचे जिवंत खेकडे त्यांच्यापुढं ठेवायचे, पंखे उघडताना दाखवायचे, मग सर काय म्हणतात ते बघू. आदल्या दिवशी सुनंदा आणि मी समुद्रावर गेलो. ओल्या शेवाळात गुंडाळून, दोन वेगळ्या डब्यांत, मांडीवर धरून आम्ही ते एस.टी.तून आंबा घाट चढवून आणले. बरोबर समुद्राच्या पाण्याचा कॅन. कंडक्टर म्हणाला, "पावणं, काय वास मारतंय हो हे?" सुनंदानं त्याला ठणकावलं, "परीक्षा हाय आमची, गप तिकीट फाडा."

विभाग तोवर बंद झालेला. खेकडे घरातच ठेवणं भाग होतं. मी अव्वाच्या पाया पडले, अक्षरशः. एका रात्रीचा प्रश्न आहे म्हटलं. ती उंबऱ्यातच उभी राहून डब्यांकडं बघत होती. "जित्ती हाईत?" "व्हय." "मारायची न्हाईत न्हवं माझ्या घरात?" "न्हाय अव्वा, जगवायचीच हाईत." तेव्हा कुठं तिनं मान हलवली. स्टीलचं भांडं द्यायचा प्रश्नच नव्हता. अप्पांनी दुकानातली चुऱ्याची दोन प्लॅस्टिकची घमेली आणून दिली. न्हाणीघराच्या थंड कोपऱ्यात ती ठेवली, लाल घमेल्यात वरच्या पट्ट्यातले, हिरव्यात खालचे, कॅनमधलं पाणी दोन्हीत वाटून. निजायच्या आधी बघितलं तर सगळे निवांत पंखे हलवत होते. सुनंदा आमच्याकडंच राहिली. आम्ही दोघी त्या आनंदात झोपी गेलो.

सकाळी उठून न्हाणीत गेले तर हिरवं घमेलं धुऊन पालथं घातलेलं होतं. सगळे खेकडे एकट्या लाल घमेल्यात, पाणी स्वच्छ, काठोकाठ भरलेलं. एकही हलत नव्हता. धडं उलटीसुलटी, आणि तळाशी नांग्यांचा खच. मी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. गोडं. पिण्याच्या घागरीतलं.

अव्वा पूजा आटोपून आली होती. कपाळावर भस्म ताजं. मी काय ओरडले ते सगळं आठवत नाही, इतकं आठवतं की गल्लीतली माणसं दारात आली. अव्वाला आधी कळेचना. ती घमेल्याकडं आणि माझ्याकडं बघत राहिली. "मी आंघोळीला आलो तर ती तोंडापुढं हात हलवालीती," ती म्हणाली, "सारखी हात हलवालीती, मागितल्यागत. पाणी घाण, खारट, वास मारालेलं. मला वाटलं, तान्हेली हाईत. घागरीतलं पाणी घातलं. पाणी दिल्यानं कोण मरतंय व्हय, मंगल?" मी विचारलं, "आणि एकात का घातलीस?" ती म्हणाली, "दिसाया सारखी दिसली. मला वाटलं एका घरची हाईत, कशाला येगळी ठेवायची." तिथं माझा तोल सुटला. मी म्हटलं, "तू नि आमचे सर, दोघं सारखेच. काडीचाबी फरक न्हाय." अव्वा आत जाऊन चुलीपाशी बसली, आणि ताटात वाढून घेतलेली भाकरी तिनं परत टोपलीत ठेवली.

सुनंदा मात्र न्हाणीत बसकण मारून बसली होती. एक खेकडा तिनं उलटा करून पंखे काडीनं उघडले आणि म्हणाली, "मंगल, रंग अजून हाय की." खरंच होता. निळा तसाच निळा, तांबूस तसाच तांबूस. केशरी ठिपकेही जागच्या जागी. मेल्यावर लगेच रंग जात नाही, काही तास तग धरतो. मी डोळे पुसले आणि आम्ही दोघी कामाला लागलो. तोंडावरून धडं वेगळी केली, ठिपक्यावरून नांग्या वेगळ्या केल्या, मग मापानं एकेक नांगी त्या त्या धडाला लावून ओल्या फडक्यावर मांडली. अप्पा सौद्यावरून आले, न्हाणीच्या दारात उभे राहून सगळं ऐकलं आणि टोपी घालून तसेच बाहेर पडले. कोल्ड्रिंकच्या दुकानातून बर्फाचा तुकडा पोत्याच्या किलतानात गुंडाळून, काखेत धरून आणला. सदरा एका बाजूनं चिंब झाला होता. "गार ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले.

चर्चासत्रात माझी पाळी दुपारी आली. वरचा पंखा कुरकुरत होता, शेजारच्या खोलीत चहा-भजी मांडली होती आणि तिकडचा वास येत होता. मी बर्फावर ठेवलेले दोन ट्रे टेबलावर मांडले. सर पहिल्याच रांगेत. "हे काय आणलंस? जिवंत आणणार होतीस ना?" मी म्हटलं, "घरी मेले, सर." हशा झाला. परीक्षक बाई मात्र उठून जवळ आल्या. साडीचा पदर खोचला, भिंग मागून घेतलं आणि वाकल्या. खूप वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "तोंडापाशी रंग वेगळा आहे. सांध्यातसुद्धा. किनाऱ्यावरची जागाही वेगळी म्हणतेस?" मी होय म्हटलं. सर जागेवरूनच म्हणाले, "मॅडम, मेल्यावर रंग बदलतो. हे कुजायला लागलेत, त्याला काय अर्थ आहे?"

तोवर मला सुचलं नव्हतं ते त्या क्षणी सुचलं. मी म्हटलं, "सर, हे सगळे एकाच घमेल्यात, एकाच पाण्यात, एकाच वेळी मेलेत. मेल्यामुळं रंग बदलला असता तर सगळ्यांचा सारखा बदलला असता. मग दोनच रंग का उरले?" बाई सरांना म्हणाल्या, "प्रश्न रास्त आहे. तुम्हीच बघा ना." सरांना उठावं लागलं. त्यांनी भिंग घेतलं. एक उलटा केला, दुसरा उलटा केला. नांगी उघडली. पुन्हा पहिला घेतला. मी त्यांच्या अगदी शेजारी उभी होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता. निळ्यावर त्यांचं भिंग थांबलं तेव्हा त्यांच्या मानेवरची शीर हलली, आणि सरांना दिसलं आहे हे मला कळलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी खेकडा बघितला होता. मला वाटलं, संपलं, जिंकले. बावीस वर्षांच्या पोरीला आणखी काय वाटणार?

सरांनी भिंग खाली ठेवलं. "इंटरेस्टिंग आहे," ते म्हणाले. "पण असे ठेवले तर वास सुटेल. आधी फॉर्मॅलिनमध्ये टाकू, मग सावकाश बघू." आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच्या हातानं कपाटावरची मोठी बरणी घेतली, पहिला ट्रे तिच्यात ओतला आणि त्याच बरणीत दुसराही ओतला. वर झाकण लावलं. एकच चिठ्ठी चिकटवली. मी "सर, वेगवेगळ्या—" असं म्हणत पुढं झाले, तर त्यांनी हातानं बाजूला केलं आणि बाईंना म्हणाले, "चला मॅडम, चहा गार होतोय." बाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं. त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. त्या गेल्या. भज्यांच्या बशा वाजल्या. मी त्या बरणीपाशी उभी राहिले, आत नांग्या हळूहळू तळाला बसत होत्या.

प्रबंधिकेत एकच जात लिहिली गेली. मी सही केली, कारण त्याशिवाय पदवी नव्हती. पुढं कॉलेजात शिकवलं, संसार केला. बऱ्याच वर्षांनी, संगणकावर फोटो पाठवायचे दिवस आल्यावर, दुसऱ्या किनाऱ्यावरच्या कुणा तरुण संशोधकांनी जिवंत खेकड्यांचे रंगीत फोटो काढून आणि त्यांच्या जनुकांची तपासणी करून दोन जाती वेगळ्या दाखवल्या. निळं तोंड, केशरी ठिपका, वरचा पट्टा, सगळं. मला त्यांचा राग आला नाही, उलट आनंद झाला, त्यांनी माल बघितला होता. राग आला तो त्याच वर्षी सरांच्या सत्काराला. सर भाषणात म्हणाले, "हा फरक आमच्या विभागात फार पूर्वीच लक्षात आला होता." आमच्या. टाळ्या झाल्या. मी श्रीखंडाचं ताट तसंच ठेवून बाहेर आले आणि रिक्षात बसून घरी येईपर्यंत एकटीच बडबडत होते. रिक्षावाला म्हणाला, "ताई, कुणी काय बोललं काय?" त्याला काय सांगायचं, की बोलायला पाहिजे होतं तेव्हा कुणीच बोललं नाही.

पण त्या चर्चासत्राच्या संध्याकाळी मी घरी आले ते आधी सांगायला हवं होतं. अव्वा चुलीपाशीच होती. अप्पांनी खुणेनं सांगितलं की ती दिवसभर जेवलेली नाही. तिच्या हातून जीव गेले होते. मला तिच्याशी बोलायचं नव्हतं, तरी मी शेजारी बसले आणि घडलं ते सांगून टाकलं, बरणीपर्यंत. शेवटी ती म्हणाली, "तुझ्यापाशी एकबी उरलं न्हाय काय?" दोन्ही जातींचा एकेक मी सकाळीच फडक्यात, बर्फात बाजूला ठेवला होता. ते दोन काढले. अव्वानं तळहात पुढं केला. सकाळी ज्या तळहातावर लिंग ठेवून तिनं पूजा केली होती त्याच हातावर मेलेले खेकडे मागताना तिला किती जड गेलं असेल, हे मला त्या वेळी कळलं नाही. मी ते ठेवले. ती उठून दारातल्या उजेडात गेली, आणि मी काडीनं पंखे उघडून दाखवले.

"ही निळी हाय," ती म्हणाली.

"व्हय."

"हिला न्हाय. हिचं तांबडं हाय."

"व्हय."

तिनं आणखी जवळ धरून बघितलं. नांगी उघडायला लावली, ठिपका बघितला. मग विचारलं, "तुझ्या सरांनी बघिटलं हे?"

"बघिटलं."

"असं? जवळ घेऊन?"

"भिंगातनं."

"आणि मग एका बरणीत वतलं?"

"व्हय."

अव्वानं दोन्ही खेकडे माझ्या फडक्यावर ठेवले, एकमेकांना लागणार नाहीत असे. पदरानं हात पुसला. "मला ठावं न्हवतं गं," ती म्हणाली. "मला आणि त्या माणसाला एका बरणीत घालू नगंस."